काठी कोणासाठी? शब्बाथशाळेच्या ताईंना पत्र

आदरणीय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या विरोधात मी बोललो तेही सगळ्यांसमोरच. शब्बाथशाळेची, म्हणजे मंडळीतल्या (चर्चमधल्या) मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गाची, घडी बदलायचा विषय तुम्ही मंडळीच्या सभेत काढलात, तेव्हा "मुलं वचनं पाठ करतात, हजेरी भरते, मग बिघडलंय काय?" असं विचारणारा मीच होतो. बारा वर्षं तो वर्ग मी घेत होतो. एका वचनाला एक चांदणी, दहा चांदण्यांना बक्षीस. माझी मुलं "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे बायबलमधलं 23 वं स्तोत्र एका दमात म्हणायची आणि त्याचा अभिमान त्यांच्यापेक्षा मलाच जास्त.

तुम्ही वाद घातला नाहीत. एका रविवारी वर्गात येऊन मागे बसलात. स्तोत्र म्हणून झाल्यावर विचारलंत, "'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.' काठीनं धीर कसा येतो?" वर्ग गप्प. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तुम्ही हातानंच थांबवलंत. मग सगळ्यात अबोल मुलगा म्हणाला, "काठी मारायला असते. मला नाही येत धीर."

त्या स्तोत्राची चांदणी त्याला मी स्वतः चिकटवली होती, ताई.

तुम्ही त्याला चूक म्हणाला नाहीत. "रानात मेंढपाळ आहे, मेंढरं आहेत. अजून कोण कोण असेल?" एवढंच विचारलंत. मग लांडगा आला, सिंह आला, मेंढपाळ दाविदानं शौल राजाला सांगितलेलं अस्वलही आलं. शेवटी तोच मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे काठी लांडग्यासाठी आहे." मेंढरांना वळवायलाही काठी लागते, हे मी जोडणार होतो. गप्प राहिलो ते बरं झालं.

त्यानंतर मी तुमचं ऐकायला लागलो. तुम्ही सांगितलंत की 1780 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. रविवार हाच त्यांचा मोकळा दिवस. लिहायला-वाचायला शिकायची दुसरीकडे सोय नाही. त्यांना शाळाच हवी होती. "आपली मुलं आठवडाभर शाळेतच असतात. रविवारी पुन्हा शाळाच द्यायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धोंड्यांची गोष्ट मात्र तुमची खास. उपासनेच्या जागी एका कोपऱ्यात तुम्ही बारा धोंडे रचलेत आणि कोणाला काही सांगितलं नाहीत. मोठ्यांना वाटलं बांधकामाचे राहिलेत; एकानं तर ते उचलून बाहेर ठेवले, तुम्ही परत आणलेत. तिसऱ्या रविवारी एका चिमुरडीनं विचारलं, "हे कशाला?" तेव्हा कुठे तुम्ही बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडलात. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर तिच्यातले बारा धोंडे रचले तेच मुळी मुलांनी पुढे विचारावं म्हणून. मी मात्र इतकी वर्षं आधी उत्तरं वाटत होतो.

बाकीचे बदल सगळ्यांना माहीत आहेत. मुलं आता उपासनेच्या पहिल्या भागात आपल्यातच बसतात, शास्त्रपाठ वाचतात, अर्पणाची थैली फिरवतात. गोंगाट होतो, तक्रारीही येतात. पहिल्या महिन्यात सर्वात जास्त माझ्याच होत्या. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं, हा तुमचा नियम मला तेव्हा अविश्वासाचा वाटला होता. आज तो मोडू पाहणाऱ्याला मीच अडवतो.

एका बाबतीत मी अजून हटलेलो नाही. पाठांतर हवंच. आजारपणात, अंधारात, पुस्तक हाताशी नसताना पाठ केलेलंच ओठांवर येतं. तुम्हीही ते काढलं नाहीत, फक्त जागा बदललीत: आधी वचनाशी झटापट, मग पाठ. चांदण्या तेवढ्या गेल्या. खरं सांगू? पहिले काही रविवार मला त्यांची फार आठवण आली.

सगळ्यात मोठे आभार त्या घरच्या चिठ्ठीचे. दर रविवारी मुलाच्या हाती एकच प्रश्न, आईबापांसोबत बोलायला. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय म्हणतो, घरी बसता, मार्गाने चालता, निजता, उठता मुलांशी बोला. मी हे इतरांना शिकवलं. स्वतःच्या लेकीशी मात्र तसं कधी बोललोच नव्हतो. चिठ्ठी आली आणि आम्ही दोघं बोलायला लागलो. अडखळत, बरेचदा तीच मला समजावते.

तुम्ही दुसऱ्या मंडळीत गेल्यापासून वर्ग पुन्हा माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी योना संदेष्ट्याची गोष्ट चालली होती: त्याला मोठा मासा गिळतो आणि सुटल्यावर तो निनवे शहराला देवाचा इशारा द्यायला जातो. एकानं विचारलं, "योना माशाच्या पोटात होता, हे निनवेच्या लोकांना कुणी सांगितलं होतं का?" मी थांबलो. अजून थांबलोच आहे. तुम्ही उत्तर देणार नाही हे ठाऊक आहे, तरी तुम्हाला कळवतोय.

तुमचा ऋणी,
मागच्या बाकावरचा शिक्षक