रजा नाकारायची असेल, तर लिहून नाकारा

मा. संपादक,

कालच्या अंकातला रजेवरचा लेख वाचला. लिहिणारे मनुष्यबळ सल्लागार आहेत, म्हणून जास्त खटकला. ‘रजा हक्क म्हणून मागता येत नाही’ हे वाक्य त्यांनी सरसकट सगळ्या नोकरदारांच्या माथी मारले आहे. ते वाक्य महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधले, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांपुरते. तिथेही त्याला पुढचा भाग आहे: कामाच्या निकडीमुळे रजा नाकारता येते, पण मागितलेल्या रजेचा प्रकार कर्मचाऱ्याने स्वतः लिहून दिल्याशिवाय बदलता येत नाही. तो भाग लेखात नाही. चाकणच्या कारखान्यातल्या किंवा दादरच्या दुकानातल्या माणसाला तर हे नियम लागूच होत नाहीत.

कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यातले कलम ७९ पाहावे; नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२० ची नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत तेच चालत होते. वर्षात २४० दिवस काम भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. तारीख कामगाराने सुचवायची, अर्ज १५ दिवस आधी द्यायचा आणि वर्षाची रजा फार तर तीन वेळा मिळून घ्यायची. रजेत येणारे सुटीचे दिवस रजेत धरायचे नाहीत. आजही कित्येक ठिकाणी मधला रविवार सर्रास कापला जातो. शिल्लक रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येते; पण रीतसर मागून नाकारलेली रजा मर्यादेशिवाय पुढे जाते. २०२० च्या नव्या संहितेत २४० चे १८० दिवस झाले, नाकारलेल्या रजेची तरतूद मात्र तशीच राहिली. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात रजा साठवण्याची मर्यादा ४५ दिवस आहे आणि १५ दिवस आधी मागूनही मालकाने रजा नाकारली, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात.

हे सगळे एका गोष्टीवर उभे आहे: रजा मागितली होती आणि ती नाकारली गेली, याचा पुरावा. नेमका तोच आता मिळत नाही. पूर्वी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरी नोंदणाऱ्या कचेरीचा, शिक्का मिळायचा. आता अर्ज मोबाइलवरच्या अॅपमध्ये. सुपरवायझर ‘नामंजूर’ दाबतच नाही, कारण दाबले की कारण भरावे लागते. तो फोन करतो, ‘या वेळी अर्ज काढून घे, पुढच्या महिन्यात बघू.’ बिचारा कामगार ‘मागे घ्या’ दाबतो. नोंद काय राहते? अर्जदाराने अर्ज स्वतःच मागे घेतला. डिसेंबरअखेर रजा लॅप्स झाली की एचआर तीच नोंद पुढे करते. अर्ज मागे घेतलाच नाही, तर तो तारीख उलटेपर्यंत ‘प्रलंबित’ राहतो आणि यादीतून निघून जातो. अशी रजा ना मिळाली, ना नाकारली गेली.

म्हणून सगळ्यांना सांगणे आहे, ‘मागे घ्या’ हे बटण दाबू नका. अर्जात रजेचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत, मधली साप्ताहिक सुटी आणि शिल्लक रजा लिहा. अर्ज टाकल्या दिवशीच तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि तोच मजकूर साहेबांना ईमेल करा. फोनवर नकार आला, तर ‘आज फोनवर सांगितल्याप्रमाणे रजा नामंजूर, असे मी समजतो’ एवढी एक ओळ त्याच ईमेलखाली पाठवा.

‘सगळ्यांना गणपतीतच रजा हवी असते’ ही लेखकाची तक्रार. हवी असतेच! चतुर्थीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, मग ती व्यवस्थापनाला आठवडाभर आधी का कळते? कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि बघता बघता संपते. रजेचा निकाल चार दिवस आधी लागला, तर माणसाने तिकीट कधी काढायचे? यावरची तोड त्याच जुन्या कलम ७९ मध्ये होती. काम अखंड चालावे म्हणून मालकाने कामगार प्रतिनिधींच्या संमतीने रजेची लेखी योजना करायची, सरकारच्या मुख्य कारखाना निरीक्षकांकडे द्यायची आणि कारखान्यात लावायची; ती १२ महिने चालायची. जानेवारीतच गणपती, शिमगा, वारी आणि मे महिना यांचे तक्ते करा. बारा जणांच्या लाइनवर एका वेळी दोघे सुटू शकत असतील तर तसे लिहा, आणि गेल्या वर्षी ज्याला गणपती मिळाला तो यंदा यादीत खाली. भांडणे होतील, पण ती जानेवारीत होतील.

याच लेखात कंपनीच्या ‘शटडाउन’चे कौतुक आहे, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. ऑर्डर नाही म्हणून लाइन बंद ठेवायची आणि ते दिवस कामगाराच्या पीएलमधून, म्हणजे कमावलेल्या भरपगारी रजेतून, वळते करायचे, हा रजेचा गैरवापर आहे. हजर कामगाराला काम देता आले नाही तर तो ले-ऑफ; ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात त्याला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाईची तरतूद औद्योगिक विवाद कायद्याने केली होती. त्याऐवजी कामगाराने स्वतःच्या कमावलेल्या रजेतून कंपनीचा बंद काळ भरून काढायचा आणि लग्नसराईत रजेच्या खात्यात शून्य बघायचे, याला लेखक ‘नियोजन’ म्हणतात.

१९८१ च्या नियमांतले ते वाक्य खासगी कामगारांना लागू नाही, एवढी दुरुस्ती त्याच पानावर छापावी, ही विनंती. कालचे कात्रण अनेक साहेब जपून ठेवतील.

– एक कामगार प्रतिनिधी, पिंपरी