दिवस गेले तरी निरोध लागतो, आणि तपासणी एकदाच करून भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवस गेल्याचं कळलं की घरातला निरोध बंद होतो. ज्याच्यासाठी वापरत होतो ते तर होऊन गेलं, आता कशाला, असा साधा हिशेब असतो. निरोध पाळणा लांबवतो एवढंच आपल्या मनात पक्कं बसलं आहे. तो संसर्गही अडवतो, आणि पोटात बाळ असताना संसर्ग अडवण्याची गरज कधी नव्हे एवढी असते, हे मात्र घरात कुणी बोलत नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा रक्त तपासलं, सगळं ‘निल’ आलं, आता काळजी नाही, ही समजूतही तेवढीच पक्की. या दोन समजुतींपायी वाचू शकणारी बाळं दगावतात, म्हणून हे पत्र.

आधी एक भीती दूर करू. गरोदरपण सुरळीत असेल तर नवराबायकोच्या संबंधांनी बाळाला इजा होत नाही. बाळ पाणमोटीत असतं आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी घट्ट चिकट स्रावाचं बूच बसलेलं असतं. वार खाली आहे, अंगावरून रक्त गेलं आहे, पाणी जात आहे, पिशवीचं तोंड सैल म्हणून टाका घातला आहे किंवा दिवस भरायच्या आधीच कळा येऊन गेल्या आहेत, अशा वेळी मात्र डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत संबंध पूर्ण बंद ठेवावेत. योनीत हवा फुंकणं कधीच करू नये. ती हवा रक्तवाहिनीत शिरली तर आईच्या जिवावर बेतते. हे लिहायला संकोच वाटतो, पण सांगणारं दुसरं कोणी नसतं.

धोका आहे तो संबंधांतून येणाऱ्या जंतूंचा. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून माहेरी जाते आणि बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सासरी परतते. म्हणजे जवळजवळ पाच महिने दोघं वेगळी. नवरा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, इचलकरंजीत मागावर, ट्रकवर नाहीतर पुण्या-मुंबईला. या काळात काहींचे बाहेर संबंध येतात, कधी लॉजवर, कधी ओळखीत, कधी मोबाइलवर जमलेल्या मैत्रीतून. काही गरोदर बायकांचेही लग्नाबाहेर संबंध असतात, काहींवर जबरदस्ती होते, काहींचं पोटच लग्नाबाहेरचं असतं. उसाच्या फडावर आलेल्या मजूर बाईची तर नोंदणी एका जिल्ह्यात, टोळी दुसऱ्या आणि बाळंतपण तिसऱ्याच ठिकाणी. कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा या पत्रात करायचा नाही. यातल्या प्रत्येक बाळाचा जीव सारखाच मोलाचा आहे.

तारखांचा हिशेब मांडून पाहा. बाईची तपासणी दहाव्या आठवड्यात झाली आणि अहवाल स्वच्छ आला. ती माहेरी गेली. नवऱ्याला बाहेरून उपदंश झाला, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात. सणाला तो सासुरवाडीला आला तेव्हा तिचा एकतिसावा आठवडा होता. तिला फोड आला असेल तर तो साधारण तीन आठवड्यांनी, म्हणजे चौतिसाव्या आठवड्यात. हे अंतर १० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत कितीही असू शकतं. व्हीडीआरएल या उपदंशाच्या रक्ततपासणीत दोष दिसायला त्यानंतर आणखी एक ते चार आठवडे लागतात. तोवर बाळंतपण दारात आलेलं असतं आणि कार्डावर अजूनही दहाव्या आठवड्याचाच स्वच्छ अहवाल असतो. सगळे तोच पाहतात.

हा फोड दुखत नाही, घात होतो तो त्यामुळेच. पुरुषाच्या कातडीखाली, बाईच्या योनीत किंवा पिशवीच्या तोंडावर तो तीन ते सहा आठवडे राहतो आणि उपचार न करताही आपोआप भरून येतो. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं असेल तर मलमानं बरा झालो असं वाटतं. जंतू मात्र रक्तात पसरलेले असतात. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे लालसर डाग उठतात, तेही जातात. गरोदर बाईच्या रक्तातून हे जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. उपचार न झालेल्या उपदंशात निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही विपरीत घडतं: गर्भपात, पोटातच बाळ दगावणं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जन्मतःच रोग घेऊन आलेलं बाळ. अशा बाळाचं नाक सतत वाहतं, तळहात-तळपायांची सालं निघतात, यकृत वाढलेलं असतं. काही बाळं जन्मताना अगदी धडधाकट दिसतात आणि काही आठवड्यांनी आजारी पडतात.

आणि यावर औषध आहे, जुनं आणि स्वस्त: बेंझाथिन पेनिसिलिन. लागण अलीकडची असेल तर २४ लाख युनिट एकदाच, १२ लाख एका कुल्ल्यात आणि १२ लाख दुसऱ्यात. लागण कधीची ते ठाऊक नसेल तर तेवढाच डोस दर आठवड्याला एक, असे तीन. गरोदर बाईत दोन डोसांमधलं अंतर ९ दिवसांपुढे गेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बहुतेक गाडं इथंच अडतं. पहिलं इंजेक्शन दुखतं, बसता येत नाही, आणि बाई दुसऱ्याला येत नाही. ती दुखणं वाढवून सांगत नसते. भुकटी पाण्यात कालवली की औषध पांढरं, ताकासारखं दाट होतं. बारीक सुईत ते अडकतं म्हणून जाड सुई घ्यावी लागते, कालवल्यावर लगेच आणि सावकाश टोचावं लागतं. ते शिरेत जाता कामा नये, म्हणून सुई टोचल्यावर दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघतात. आधी पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का ते विचारतात, नंतर बाईला अर्धा तास बसवून ठेवतात. पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी, कधी पोटात कळा येऊ शकतात. मरणाऱ्या जंतूंमुळे हे होतं, औषध सोसलं नाही म्हणून नव्हे. पण कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तडक दवाखाना गाठावा. उपचार बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी सुरू झाले आणि पूर्ण झाले, तरच आईवर पुरेसे उपचार झाले असं धरतात. नाहीतर बाळालाही इंजेक्शनं घ्यावी लागतात.

पेनिसिलिनऐवजी गोळी द्या, हा आग्रह धरू नये. ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनने आईचा आजार दबल्यासारखा वाटतो, पण ते बाळापर्यंत भरवशाने पोहोचत नाही. डॉक्सिसायक्लिन तर गरोदरपणात द्यायचंच नसतं. हा मुद्दा आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांची औषधं रंगीत पाकिटांत मिळतात: राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. नवरा आपलं पाकीट घरी आणतो आणि ‘तूही यातलंच घे’ म्हणून बायकोला देतो. निळ्या, पिवळ्या आणि काळ्या पाकिटात डॉक्सिसायक्लिन असतं. हिरव्यात फ्लुकोनॅझोलची गोळी असते, तीही गरोदर बाईला देत नाहीत. तिला बुरशीसाठी योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी सात रात्री देतात. प्रेमापोटी वाटून घेतलेलं औषधही चुकीचंच ठरतं. तिची तपासणी वेगळी, तिचं औषध वेगळं.

एचआयव्हीचं गणित थोडं निराळं आहे. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. रोजच्या गोळ्यांनी ते ५ टक्क्यांच्या खाली येतं, आणि लवकर सुरुवात झाली तर त्याहूनही बरंच खाली. पण गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नव्यानं लागण झाली तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले विषाणू प्रचंड वाढलेले असतात, आणि नेमकी तेव्हाच तपासणी स्वच्छ येऊ शकते. म्हणून बाळ अंगावर पीत असेपर्यंत काळजी संपत नाही. सव्वा महिना उलटल्यावर संबंध सुरू होतात, तेव्हा नवऱ्याची तपासणी झालेली असायला हवी. जबरदस्ती झाली असेल तर लागण टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकं लवकर तितकं बरं. ती गरोदर बाईलाही देता येतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नागीणवर्गातला हर्पिस शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच झाला तर बाळाला फार धोका असतो. कळा सुरू होताना जननेंद्रियावर फोड असतील तर सिझेरियन करतात, म्हणून ते लपवू नयेत. नवऱ्याच्या ओठावर फोड असताना मुखमैथुनही नको. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या संसर्गांनी बाळाचे डोळे चिकटतात, क्लॅमिडियानं पुढे न्यूमोनियाही होतो. हिपॅटायटिस बीची लागण जन्मताना झालेल्या १० पैकी ९ बाळांना तो आजार चिकटून राहतो. मात्र २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं तर बहुतेक बाळं वाचतात. म्हणून आईचा अहवाल बाळंतपणाच्या खोलीत हाताशी हवा.

अंगावरून पांढरं जातं, हे गरोदरपणात थोडं वाढतंच. पातळ, दुधाळ, वास नाही, खाज नाही, तर घाबरू नये. पिवळं-हिरवं, फेसाळ, माशासारख्या वासाचं, दह्यासारखं गुठळ्यांचं किंवा रक्ताचं असेल तर दाखवावं. आतून डेटॉल किंवा तुरटीच्या पाण्यानं धुऊ नये. चांगले जंतू निघून जातात आणि वाईटांना जागा होते. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता निरोध. पाकिटावरची तारीख बघावी. पैशाच्या पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत महिनोनमहिने ठेवलेला वापरू नये, उष्णतेनं रबर कमजोर होतं. पाकीट बोटांनी फाडावं, दातांनी नाही. टोक चिमटीत धरून हवा काढावी, ताठ अवस्थेत मुळापर्यंत उलगडावा, आणि काम झाल्यावर कड धरून लगेच बाहेर काढावा. आपल्याकडे एक चूक हमखास होते, ती खोबरेल तेलाची. तेल, व्हॅसलिन, तूप यांनी रबर काही मिनिटांत कमजोर होतं आणि निरोध फाटतो. पाण्यात विरघळणारी जेलीच वापरावी. योनीत ठेवायच्या बुरशीच्या गोळ्या आणि मलमांतही तेलकट पदार्थ असतात, म्हणून ते सात दिवस संबंधच नकोत. मागून संबंध आल्यावर त्याच निरोधानं पुढून नको, नवा घ्यावा.

आमची मागणी साधी आहे. पहिल्या भेटीत सगळ्या गरोदर महिलांची एचआयव्ही आणि उपदंशाची तपासणी होते, ही मोठी गोष्ट आहे. ज्यांना जोखीम जास्त त्यांनी पुन्हा तपासावं असं सांगितलं जातं. पण नवरा बाहेर काय करतो हे जिला माहीतच नाही, तिने आपल्याला जोखीम आहे हे सांगायचं कसं? म्हणून विचारत बसू नये. सातव्या-आठव्या महिन्यात सगळ्यांची पुन्हा तपासणी व्हावी, बाळंतपणाला आल्यावर उपदंशाची आणखी एकदा, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याचीही. सर्वांना एकच नियम लावला की कोणावर बोट राहत नाही. उपदंश झालेल्याशी गेल्या ९० दिवसांत संबंध आला असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार करतात, हेही नवऱ्यांना ठाऊक हवं.

थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात, तसंच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी जोडीनं जाता येतं. कुणाला तोंड दाखवायला संकोच वाटत असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल परस्पर सासूला, जावेला किंवा मालकाला सांगता येत नाही.

माहेरी जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत साडी, चुडा आणि औषधांच्या गोळ्यांबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड जायलाच हवं. त्यावर तपासणीची तारीख, व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह (दोष दिसलेली) असेल तर रक्त किती पट पातळ करूनही दोष दिसतो तो १:८, १:१६ असा आकडा, आणि पेनिसिलिनचे किती डोस कोणत्या तारखांना झाले, हे तिन्ही लिहिलेलं असावं. माहेरच्या दवाखान्यातल्या ताईला उपचार अर्धवट राहिले आहेत की पुरे झाले, हे ठरवायला दुसरा कुठला कागद नसतो.

आपले,
माता आरोग्यासाठी काम करणाऱ्या काही परिचारिका व समुपदेशक,
कोल्हापूर