शुक्रवारच्या बैठकीला येताना मोबाइल आणा

सर्व ताई-काकूंना नमस्कार. येत्या शुक्रवारी बचत भरून झाली की लगेच उठू नका, तासभर थांबा. ‘मेघदूत’ ॲपवर आपल्या जिल्ह्याचा हवामान अंदाज आणि पीकसल्ला मराठीत कसा बघायचा, ते दाखवणार आहोत. हवामान खात्याचा हा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

मोठा फोन बहुतेक घरी पुरुषांच्या खिशात, सातबाराही त्यांच्याच नावावर. खुरपणी मात्र आपल्याकडे! तेव्हा तेवढ्यापुरता फोन मागून आणा. बटणाचा फोन असेल तरी या. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर त्यावरूनही लागतो. सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोला, पैसे पडत नाहीत. बैठकीतच एकीनं सर्वांसमोर फोन लावून प्रश्न विचारायचा आहे. कोण ते आधी ठरवा, नाहीतर ऐनवेळी सगळ्या एकमेकींकडे बघत बसतो.

वीज पडण्याची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲपही टाकून घेऊ.

घरचं सोयाबीन बियाणं पेरणार असाल तर मूठभर आणा. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, गोणपाट वाळू द्यायचं नाही. आठवड्यानं ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापानं पेरा. कमी असतील तर बियाणं वाढवा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको, शेजाऱ्यानं तिफण काढली तरी.

लेकरं सोबत आणली तरी चालेल. चार्जर आठवणीनं आणा.

– सचिव, महिला बचत गट