‘मशीन कुठलं?’ विचारणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

हे आभार तुम्ही मला न विकलेल्या मालाबद्दल आहेत.

कोल्हापुरात, आपल्या उद्यमनगरात हार्डवेअरची दुकानं पुष्कळ आहेत. हातातल्या ग्राइंडर मशीनवर चढवायचं, लोखंड कापायचं कटिंग व्हील मागितलं की समोर येतं, पैसे दिले की विषय संपतो. तुमच्या काउंटरवर मात्र आधी प्रश्न यायचे. मशीन कुठलं? कापायचंय काय, एमएस (साधं लोखंड) की एसएस (स्टेनलेस स्टील)? गार्ड, म्हणजे व्हीलवरचं अर्धं झाकण, आहे का? माझा धंदा तेव्हा नवा होता. गेट, ग्रील, शेडची कामं अंगावर घेतलेली आणि गिऱ्हाईक रोज फोन करणारं. अशा घाईत काउंटरवर उभं राहून मी जे शिकलो, ते मला आधी कुठल्याच कामावर कुणी सांगितलं नव्हतं.

एक प्रसंग पक्का लक्षात आहे. माझ्यापुढे उभ्या असलेल्या पोरानं सात इंची व्हील मागितलं. मशीन चार इंची. जाड पाइप एका दमात कापायचा, म्हणून गार्ड काढायचा, वॉशर घालून भोक जुळवायचं आणि मोठं व्हील चढवायचं, ही पद्धत आपल्या भागात तेव्हा होती आणि आजही आहे. तुम्ही बिलबुकाचं मागचं पान उलटून हिशेब मांडलात. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरच्या व्हीलवर कमाल ८,५०० फेरे छापलेले असतात. ते या मशीनवर फिरवलं की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. व्हील बनवलेलं असतं ८० मीटरसाठी. आणि ८० मीटर म्हणजेसुद्धा ताशी २८८ किलोमीटर! वेग सव्वापट झाला की व्हीलला फाडू पाहणारा ताण दीडपटीच्या वर जातो. हे सगळं लिहून झाल्यावर तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, “फुटलं तर तुकडा या वेगानं येणार, आणि अडवायला गार्ड तू आधीच काढून ठेवलेला. मी देत नाही.”

तो पोरगा रागानं निघून गेला. शेजारच्या दुकानातून घेऊनही गेला असेल. पण मागं उभ्या असलेल्या माझ्या डोक्यात ते पान कायमचं बसलं. त्या दिवसापासून व्हीलवरचा आकडा आणि मशीनच्या पट्टीवरचा आकडा शेजारी शेजारी वाचल्याशिवाय मी व्हील चढवत नाही. व्हीलचा आकडा मोठा असला तरच.

जुन्या मालाचंही तसंच. व्हीलच्या मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि साल कोरलेलं असतं, हे मला तुमच्याकडून कळलं. ही व्हील रेझिननं बांधलेली असतात, मुदत साधारण तीन वर्षांची. ओल लागली की बांधणी त्याआधीच कमजोर होते, आणि आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तुमच्याकडे पुडे भिंतीला न टेकवता कोरड्या फळीवर आडवे ठेवलेले असायचे. मुदत संपलेली व्हील सवलतीत खपवता आली असती. तुम्ही ती पक्कडीनं तोडून कचऱ्यात टाकायचात, कुणी उचलून वापरू नये म्हणून. काका, नफ्यावर असं पाणी सोडणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. माझं पहिलं मशीन जुन्या बाजारातलं होतं. त्याला गार्ड नव्हता, बाजूचं हँडलही नव्हतं. तुम्ही मॉडेलचा नंबर लिहून घेतलात आणि सर्व्हिस सेंटरमधून दोन्ही मागवून दिलंत. गार्डची बंद बाजू आपल्या अंगाकडे हवी, ठिणग्या अंगापासून लांब जायला हव्यात, आणि नवं व्हील चढवलं की लगेच कामाला न लावता बाजूला धरून मिनिटभर नुसतं फिरू द्यायचं, हेही सांगितलंत. गार्ड आला तोवर कटिंगचं काम हॅक्सॉवर, म्हणजे हाताच्या करवतीवर करायला लावलंत. मला तेव्हा ते फार वाटलं होतं.

पुढे एका पावसाळ्याआधी शेडचं काम चाललं होतं. माझ्याकडचा मुलगा लांब अँगल कापत होता. अँगल दोन्ही टोकांना टेकवलेला आणि काप बरोबर मध्यावर. शेवटाला येता येता अँगल स्वतःच्याच वजनानं वाकला, काप मिटला आणि व्हील त्यात चिमटलं. मशीन उसळलं, व्हील फुटलं. एक तुकडा गार्डवर आदळून खाली गेला, दुसरा पलीकडच्या पत्र्यात घुसला. मशीन दोन्ही हातांत होतं, त्यामुळे सुटलं नाही. मनगटाला झटका बसला, एवढंच. गार्डला पडलेला पोचा त्या मुलाच्या पोटाच्या रेषेत होता. त्याची आई संध्याकाळी येऊन त्या गार्डवरून हात फिरवून गेली. तिला सांगितलं, हा गार्ड मी नाही, एका दुकानदार काकांनी बसवलाय. हे पत्र तिच्याकडूनही आहे.

त्यानंतर आम्ही टेकू लावायची रीतच बदलली. सुटणारा तुकडा मोकळा लोंबला पाहिजे, म्हणजे कापत जाऊ तसा काप उघडत जातो, मिटत नाही. आणि व्हीलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मदतनीससुद्धा.

डोळ्यांबद्दल तर तुमचं ऋण आमच्या अख्ख्या शेडवर आहे. डोळ्यात कणी गेली की रुमालाचं टोक नाहीतर काडेपेटीची काडी, हा आपल्या धंद्यातला जुना इलाज. तुम्ही तो करणाऱ्याला काउंटरवरून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळायचात. लोखंडाची कणी बुबुळावर राहिली तर थोड्याच वेळात भोवती गंजाचं कडं धरते, आणि ते काडीनं निघत नाही. आत घुसलेली कणी तर कधी कधी फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. तेव्हा चोळायचं नाही, दाबायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा. चष्मे तुम्ही आम्हाला खरेदीच्या भावात दिलेत. वर फेस शील्ड घातलं तरी आत चष्मा हवाच, कारण खालून येणारी कणी शील्ड अडवत नाही. हे वाक्य आता आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला पाठ करावं लागतं.

इतरही बऱ्याच गोष्टींना तुम्ही नाही म्हणालात. लाकूड कापायला चार इंची मशीनला दातेरी पातं मागणाऱ्याला तुम्ही दिलं नाहीत, कारण ते लाकडात अडकलं की मशीन हातातून हिसकून थेट अंगावर येतं. थिनरचा रिकामा ड्रम कापायला निघालेल्याला थांबवलंत, कारण आत उरलेली वाफ एका ठिणगीनं पेटते. पातळ कटिंग व्हीलची बाजू घासायला वापरू नको, त्यासाठी जाड ग्राइंडिंग व्हील किंवा फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पट्ट्यांची चकती) घे, हे तर किती जणांना सांगितलंत!

१९४८ च्या कारखाना कायद्यात ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ व्हीलच्या कमाल सुरक्षित वेगाची पाटी लावण्याचं कलम होतं, डोळ्यांच्या संरक्षणाचं वेगळं कलम होतं. पण तो कायदा मोठ्या कारखान्यांसाठी. दोन-तीन माणसांची पत्र्याची शेड त्यात बसत नव्हती. गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे सेफ्टी ऑफिसर येत नाही, ट्रेनिंग होत नाही. व्हील विकत घेताना समोर जो माणूस असतो, तोच काय तो एकटा त्याला अडवू शकतो. तुम्ही ते काम केलंत, कुणी सांगितलेलं नसताना, गिऱ्हाईक तुटेल हे माहीत असताना. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. हार्डवेअरच्या काउंटरवर बसणाऱ्या इतरांनीही वाचावं आणि तेच तीन प्रश्न विचारायला सुरुवात करावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. परवा आमच्याकडचा नवा पोरगा व्हील आणायला गेला, तर त्याला गार्डचा फोटो दाखव म्हणाला. पोरगा कुरकुरत परत आला, फोटो काढून पुन्हा गेला, मग माल मिळाला. मला फार बरं वाटलं. त्यालाही माझे आभार सांगा.

आपला,
एक फॅब्रिकेटर