पांडवकड्याला नुसती बंदी पुरत नाही : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये पाऊस नीट लागला की नवी मुंबईतल्या खारघरच्या डोंगरावरून पांडवकडा धबधबा कोसळू लागतो आणि पायथ्याशी बंदीचे फलक लागतात. 107 मीटर उंचीचा धबधबा, तोही हार्बर रेल्वेच्या स्टेशनवरून रिक्षाने जाण्याइतका जवळ. मुंबई-ठाण्याची पोरे येणारच. पोलिसांनी रस्त्यावरून माघारी धाडले की ती आडवाटेने ओढ्याच्या पात्रात उतरतात. म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त, नेमके तिथेच.

बंदी उगाच घातलेली नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या चार मुली याच परिसरात वाहून गेल्या. इथले पाणी फसवे आहे. खाली उघडीप असते, वर डोंगरात सर कोसळते आणि घोट्याएवढा ओढा बघता बघता कमरेला लागतो. कड्यावरून दगड सुटतात ते वेगळेच. पण बंदी तेव्हाही होती ना? फलक वाचून माणूस थांबत नाही. अडवायला आणि योग्य वाट दाखवायलाही तिथे माणूसच लागतो.

साताऱ्याच्या कास पठारावर आपल्याच खात्याने हे जमवले आहे. तिथे रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली आहे, आधी नोंदणी करावी लागते, प्रवेश शुल्क आहे आणि बंदोबस्ताला आसपासच्या गावांतली माणसे आहेत. फुलांसाठी हे होते, तर माणसांच्या जिवासाठी का नाही?

खारघरला ती माणसे डोंगरावरच राहतात. फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्यांतल्या लोकांना ओढा कधी फुगणार हे हवामानाच्या ॲपआधी कळते. त्यांना प्रशिक्षण द्या, शिट्टी द्या, मानधन द्या. ओढ्यापासून दूर, कठडा लावलेली एक जागा ठरवा, जिथून धबधबा डोळे भरून दिसेल. पाण्यात उतरणे मात्र कायमचे बंदच ठेवा. त्यावर माझे दुमत नाही.

पाऊस ओसरल्यावर वाड्यांकडे चढणारी सकाळची वाटही खुणा लावून द्या. खाली सेंट्रल पार्क आहे, उत्सव चौक आहे, आणि 2023 पासून बेलापूर-पेंधर मेट्रो या दोन्ही ठिकाणी थांबते. बाहेरच्या माणसाचा अख्खा दिवस खारघरमध्ये मजेत जाईल, आणि वाडीतल्या बाईने केलेल्या भाकरीलाही गिऱ्हाईक मिळेल. (पायथ्याचा गोल्फ कोर्स मी या यादीत धरलेला नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी तो कुंपणाबाहेरूनच पाहिला आहे.)

जमीन वन खात्याची, शहर सिडकोने वसवलेले, कारभार पनवेल महापालिकेचा आणि बंदोबस्त पोलिसांचा. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. या चौघांना आणि वाड्यांच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बसवणे आपल्याला जमण्यासारखे आहे. ही बैठक दिवाळीनंतर लगेच लावा. मे महिन्यात लावलीत तर पुन्हा फक्त फलकच रंगवून होतील.

आपला,
खारघरचा एक रहिवासी