रिटर्न केलेले दहा गुण जातात कुठे?

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

रोब्लॉक्समध्ये तू स्वतःचा गेम लिहायला घेतलास हे वाचून फार आनंद झाला. खेळाडूनं नाण्याला स्पर्श केला की तुझं फंक्शन (ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) १० गुण रिटर्न करतं, म्हणजे परत देतं, तरी स्कोअर शून्यावरच आणि एररही नाही, असं लिहिलंयस.

अरे, रिटर्न केलेली किंमत मिळते ती फंक्शनला हाक मारणाऱ्याला. तू स्वतः हाक मारलीस तर ती व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतोस. पण 'टच्ड' इव्हेंटला, म्हणजे स्पर्श झाल्याच्या घटनेला, जोडलेल्या फंक्शनला हाक मारतं रोब्लॉक्सचं इंजिन, आणि ते परत आलेल्या किमतीकडे बघतही नाही. तेव्हा प्रत्येक इव्हेंटपाशी आधी विचार, हाक कोण मारतंय? गुण रिटर्न करू नकोस. त्याच फंक्शनमध्ये, सर्व्हरवर, खेळाडूच्या 'लीडरस्टॅट्स'मध्ये, म्हणजे गुणफलकात, जमा कर.

जमा करताना एक सांभाळ. आर-१५ प्रकारच्या अवताराचे, म्हणजे खेळाडूच्या पात्राचे, १५ भाग असतात. पाय लागला की 'टच्ड', हात लागला की पुन्हा 'टच्ड'. एका नाण्याचे गुण चार-पाचदा पडतील. म्हणून 'हे नाणं घेतलं' अशी खूण फंक्शनच्या सुरुवातीलाच करून ठेव.

इव्हेंटला फंक्शन जोडणाऱ्या 'कनेक्ट'मध्ये फंक्शनचं नुसतं नाव दे. पुढे कंस टाकलेस तर फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि 'कनेक्ट'च्या हाती फंक्शनऐवजी त्याची रिटर्न किंमत पडते. गंमत म्हणजे 'कनेक्ट' स्वतः मात्र कामाची वस्तू रिटर्न करतं: ती जोडणी. ती जपून ठेवलीस तर पुढे 'डिस्कनेक्ट' करता येतं.

आता तुझं दुकान. 'तलवार मिळाली का?' याचं उत्तर खेळाडूच्या स्क्रीनला हवंच, म्हणून तिथे रिमोट फंक्शन वापर. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ती स्क्रिप्ट थांबते. उत्तर नको असेल, नुसता निरोप द्यायचा असेल, तिथे रिमोट इव्हेंट पुरे. उलट दिशेनं, म्हणजे सर्व्हरनं खेळाडूच्या मशीनकडे उत्तर मागणं, मला अजिबात पटत नाही. तिकडून उत्तर आलंच नाही तर सर्व्हरचा तो धागा (थ्रेड, म्हणजे चालू असलेलं ते काम) ताटकळत राहतो. आणि तलवारीची किंमत, खेळाडूची शिल्लक सर्व्हरनंच तपासायची; खेळाडूकडून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दुकानाचा कोड लिहून झाला की पाठव, रविवारी निवांत वाचतो.

तुझा,
मंदार