नकाराचा अधिकार फक्त आपलाच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद आता गुंडाळावी, अशा आशयाचा लेख आपल्या अंकात वाचला. शस्त्रबंदीच्या करारांवर बोलणी करणाऱ्या ६५ सदस्य देशांच्या या परिषदेतून १९९६ पासून एकही करार बाहेर पडलेला नाही, हे खरेच. पण लेखकाने सगळे खापर पाकिस्तानवर फोडले आहे आणि तिथे हिशेब अर्धाच राहिला आहे.

या परिषदेत मतदान नाही, सर्वसहमती लागते; एका देशाने नकार दिला तरी काम अडते. मे २००९ मध्ये अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या विखंडनक्षम पदार्थांच्या (समृद्ध युरेनियम, प्लुटोनियम) उत्पादनबंदीवर बोलणी सुरू करण्याचा कार्यक्रम मंजूर झाला आणि पाकिस्तानने त्याची अंमलबजावणी रोखून धरली. आजचे साठे वगळून फक्त पुढचे उत्पादन थांबवले तर भारताची आघाडी कायम राहील, हा त्यांचा युक्तिवाद. पटो न पटो, आडमुठेपणा म्हणून तो झटकता येत नाही.

कारण ऑगस्ट १९९६ मध्ये याच नियमाच्या जोरावर सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराचा मसुदा आपण अडवला होता. परिषदेतील आपल्या राजदूत अरुंधती घोष यांची कारणे भक्कम होती. अण्वस्त्रे कधीपर्यंत नष्ट करणार, याची मुदत पाच बडे अण्वस्त्रधारी देश द्यायला तयार नव्हते. स्फोट न करता प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्या मोकळ्या सोडल्या होत्या. त्यावर कडी म्हणजे मसुद्यातले कलम १४. त्यात नेमलेल्या ४४ देशांनी मान्यता दिल्याशिवाय करार लागूच होणार नव्हता आणि आम्ही सही करणार नाही, असे भारताने जूनमध्येच बजावलेले असताना त्याला त्या यादीत बसवले. ही सरळ दांडगाई होती. घोष यांचा नकार मला आजही योग्य वाटतो.

पुढे ऑस्ट्रेलियाने तोच मसुदा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. १० सप्टेंबर १९९६ रोजी तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. विरोधात आपण, भूतान आणि लिबिया. कलम १४ मुळे तो करार अजून लागू झालेला नाही, हा भाग वेगळा.

जिनिव्हाला असा वळसा घालण्याचे तंत्र २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदी कराराच्या वेळी पुन्हा वापरले गेले. १२२ देशांनी त्या मसुद्याच्या बाजूने मत दिले. भारत वाटाघाटींना गेलाच नाही. अशा कामाची खरी जागा जिनिव्हाचीच परिषद, असे आपले म्हणणे. अण्वस्त्रांच्या वापरावर बंदी घालणारा करार हवा, असा ठराव आपण १९८२ पासून आमसभेत मांडत आलो आहोत. त्यातही वाटाघाटी त्याच परिषदेत व्हाव्यात, असे म्हटलेले असते. जिथे एका नकाराने गाडे अडते, तिथेच हे काम पाठवत राहणे फार सोयीचे आहे.

सर्वसहमतीचा नियम काढायचा असेल, तर १९९६ सारखा नकार पुढे भारतालाही देता येणार नाही. ठेवायचा असेल, तर पाकिस्तानचा नकारही नियमातच बसतो. लेखकाला यांपैकी काय हवे आहे, हे त्यांनी पुढच्या लेखात स्पष्ट करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली